जुन्या जीपीयूवरचं व्हिडिओ डिकोडिंग: नव्या लिनक्सवर ड्रायव्हर कसे टिकवायचे?

औसा_लॅब

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यातल्या (जि. लातूर) एका शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल माझ्याकडे आहे. सगळी मशीन देणगीतून आलेली, त्यामुळे मेळ असा:

– कोअर आय३-२१२०, इंटेल एचडी ग्राफिक्स २०००, ४ जीबी रॅम: ९ मशीन
– कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचे बोर्ड: ४ मशीन. त्यांपैकी दोघांत जीफोर्स २१०, एकात रेडिऑन एचडी ५४५० आणि एक बोर्डावरच्याच ग्राफिक्सवर.

सगळीकडे डेबियन १० (लिनक्सचं एक वितरण) आहे. त्याचा एलटीएस (दीर्घकाळ सुरक्षा दुरुस्त्यांचा) आधारही जून २०२४ मध्ये संपला, म्हणून डेबियन १२ वर जायचं ठरवलंय. चाचणीसाठी एका आय३ वर आणि एका जीफोर्सवाल्या मशीनवर नव्यानं टाकून पाहिलं. आय३ वर यूट्यूबचा १०८०पी व्हिडिओ अडखळतो आणि सीपीयू पूर्ण भरतो. जीफोर्सवाल्यावर एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर भांडारात (वितरणाच्या पॅकेजांच्या साठ्यात) सापडतच नाही.

वापर मुख्यतः धड्यांचे व्हिडिओ दाखवायला. काही ऑनलाइन, बरेचसे सर्व्हरवर साठवलेले. मार्चनंतर खोलीत उकाडा प्रचंड असतो आणि लाईट गेली की सगळं इन्व्हर्टरवर येतं. सीपीयूनं व्हिडिओ उलगडत बसणं दोन्ही कारणांनी परवडत नाही.

प्रश्न दोन. या हार्डवेअरचे डिकोडिंग ड्रायव्हर (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणारे) नव्या वितरणांत अजून जिवंत आहेत का? नसतील तर डेबियन १० वरच थांबणं शहाणपणाचं आहे का?

---

गोदाकाठ_कर्नल (नांदेड)

डेबियन १० वर थांबू नका. मशीन इंटरनेटला लागतात आणि मुलं ब्राउझर वापरतात. सुरक्षा दुरुस्त्या नसलेलं ब्राउझर मुलांच्या हाती देणं चूक आहे. तेरापैकी दहा मशीनना नव्या डेबियनवर हार्डवेअर डिकोडिंग नीट मिळेल. उरलेल्या तीनचं वेगळं बघावं लागेल.

आधी ड्रायव्हर नेमका कुठे राहतो ते लक्षात घ्या, कारण तो किती टिकेल हे त्यावरच ठरतं. डिकोडिंगचा ड्रायव्हर दोन तुकड्यांत असतो. एक कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात): इंटेलसाठी आय९१५, जुन्या रेडिऑनसाठी रेडिऑन, एनव्हिडियासाठी नूव्हो. दुसरा कर्नलबाहेरची लायब्ररी, जी कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) समजते आणि चिपला हुकूम देते. कर्नलच्या झाडात (मूळ सोर्समध्ये) असलेला तुकडा आतले बदल करणारेच सोबत दुरुस्त करत नेतात. शिवाय बाहेरच्या प्रोग्रामना दिलेला इंटरफेस मोडायचा नाही, हा लिनक्स कर्नलचा कडक नियम आहे. म्हणून बाहेरची जुनी लायब्ररी नव्या कर्नलवरही चालत राहते. एनव्हिडियाचा ३४० हा बंदिस्त मॉड्यूल झाडाबाहेरचा. कर्नलच्या आतल्या फंक्शनना स्थिरतेची हमी नाही, त्यामुळे तो दर काही आवृत्त्यांनी कंपाइल होईनासा होतो. त्याची शेवटची आवृत्ती ३४०.१०८, डिसेंबर २०१९ ची. पुढच्या कर्नलवर तो चालवायचा तर लोकांनी लिहिलेले पॅच लावत बसावं लागतं.

आता आय३. (कमांडची नावं इथे देवनागरीत देतोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाका.)

इंटेलचे व्हीए-एपीआय (लिनक्सवरचा हार्डवेअर डिकोडिंगचा इंटरफेस) ड्रायव्हर दोन आहेत. नवा आयएचडी, तो ब्रॉडवेल म्हणजे पाचव्या पिढीपासून पुढे. त्याआधीच्या सगळ्यांना जुना आय९६५. तुमची आय३-२१२० सँडी ब्रिज, २०११ ची. तिला आय९६५ च हवा. डेबियन १२ मध्ये पॅकेज आहे: ‘आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’, मुख्य भांडारातच. ‘व्हीए-ड्रायव्हर-ऑल’ टाकलं की इंटेलचे दोन्ही आणि मेसाचे (मेसा म्हणजे खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच), सगळे एकदम येतात. तपासायला ‘व्हीएइन्फो’ वेगळं टाका.

एक खुलासा आताच करतो, कारण यावर गोंधळ फार होतो. २०२२ मध्ये मेसामधून ‘आय९६५’ काढला अशी बातमी होती. तो ओपनजीएलचा (चित्र रेखाटण्याचा) जुना ड्रायव्हर, त्याची जागा क्रोकसनं घेतली आणि सँडी ब्रिजला क्रोकस पुरतो. व्हिडिओचा आय९६५ हा वेगळा प्रकल्प आहे, त्याचा मेसाशी संबंध नाही. ती बातमी वाचून पॅकेज काढून टाकू नका.

पॅकेज टाकल्यावर ‘व्हीएइन्फो’ चालवा. आधी आयएचडी सुरू होऊ शकला नाही अशी ओळ येईल. ती निरुपद्रवी आहे: लिबव्हीए ही व्हीए-एपीआयची लायब्ररी आधी नवा ड्रायव्हर करून पाहते, तो नाही म्हणाला की आय९६५ कडे वळते. खाली प्रोफाइलची यादी येईल. एमपेग-२, एच.२६४ मेन, एच.२६४ हाय आणि व्हीसी-१ यांच्यापुढे ‘व्हीएलडी’ दिसलं म्हणजे डिकोडिंग आहे. ‘एन्क-स्लाइस’ म्हणजे एन्कोडिंग. यादीत व्हीपी९, एचईव्हीसी, एव्ही१ हे नवे कोडेक दिसणार नाहीत. ते सिलिकॉनमध्येच नाहीत, कोणताही ड्रायव्हर ते आणू शकत नाही.

यादीच आली नाही तर बहुतेक वेळा कारण परवानगीचं असतं. ‘/डेव्ह/डीआरआय/रेंडर-डी१२८’ ही फाइल ‘रेंडर’ गटाच्या मालकीची असते. मशीनसमोर बसून लॉगिन केलं तर हक्क आपोआप मिळतो. दूरून आलेल्या सत्रात मिळत नाही. विद्यार्थ्यांचं खातं ‘रेंडर’ आणि ‘व्हिडिओ’ या दोन्ही गटांत घाला, लॉगआउट करून परत लॉगिन करा.

तुमचा अडखळणारा यूट्यूब मात्र ड्रायव्हर टाकूनही अडखळेल, कारण यूट्यूब आधी व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. एच.२६४ ची प्रत १०८०पी पर्यंत त्यांच्याकडे असते, ती मागून घ्यावी लागते. ‘एच२६४इफाय’ नावाचं ब्राउझर एक्स्टेंशन तेवढंच काम करतं; त्यात ६० फ्रेमवाल्या प्रती बंद करायचा पर्यायही चालू करा. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ उघडून मीडिया भागात एच.२६४ पुढे हार्डवेअर डिकोडिंग दिसतंय का ते बघा. नसेल तर ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये ‘मीडिया.हार्डवेअर-व्हिडिओ-डिकोडिंग.फोर्स-एनेबल्ड’ खरं करा आणि फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघडा.

साठवलेल्या फाइलींना एमपीव्ही हा प्लेअर वापरा. त्याच्या कॉन्फिगमध्ये एकच ओळ: ‘एचडब्ल्यूडेक=व्हीएएपीआय’. चालू व्हिडिओत शिफ्ट आणि आय दाबलं की माहितीचा पडदा येतो, त्यात हार्डवेअर डिकोडर कोणता ते लिहिलेलं असतं. चित्र हिरवं किंवा फाटलेलं आलं तर ‘व्हीएएपीआय-कॉपी’ करून बघा. त्यात फ्रेम परत मेमरीत आणली जाते, थोडी जास्त मेहनत, पण दाखवण्याच्या टप्प्यावरचे बिघाड टळतात.

---

परभणी_चिप

कार्डांबद्दल मी लिहितो.

रेडिऑन एचडी ५४५० ठेवा. तिच्यात यूव्हीडी हा डिकोडिंगचा भाग आहे, एएमडीनं २०१३ मध्ये त्याचा खुला कोड आणि फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) दिलं, तेव्हापासून तो कर्नल आणि मेसात आहे. एच.२६४ १०८०पी, व्हीसी-१, एमपेग-२ चालतं. पॅकेजं दोन: ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’ आणि ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’. दुसरं डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात गेलंय. डेबियन १० वरून यादी जशीच्या तशी आणली असेल तर तिच्यात हा शब्द नसतो, आणि मग कार्ड कमी रेझोल्यूशनवर अडकतं किंवा स्क्रीन काळी राहते. लॉगमध्ये ‘सायप्रेस_यूव्हीडी.बिन’ सापडली नाही असं दिसलं तर हेच कारण. नाव सायप्रेसचं असलं तरी या पिढीतल्या सगळ्या छोट्या चिपा तीच फाइल वापरतात, तुमच्या कार्डावरची सीडरसुद्धा.

जीफोर्स २१० चं दुखणं खोल आहे. चिप जीटी२१८, हार्डवेअर एच.२६४ सहज उलगडतं. बंदिस्त ३४० चं काय झालं ते वर आलंच. खुला नूव्हो कर्नलमध्ये आहे, पण डिकोडिंगसाठी लागणारं फर्मवेअर वितरणांसोबत येत नाही. ते एनव्हिडियाच्या जुन्या ड्रायव्हरच्या संचातून काढावं लागतं. त्यासाठी ‘एक्स्ट्रॅक्ट_फर्मवेअर’ नावाची पायथन स्क्रिप्ट आहे, ती ३२५.१५ आणि ३४०.३२ या दोन आवृत्त्यांच्या फाइली मागते. दोन्ही उघडायच्या, इन्स्टॉल करायच्या नाहीत. स्क्रिप्टनं काढलेल्या फाइली ‘/लिब/फर्मवेअर/नूव्हो’ मध्ये ठेवायच्या आणि रीस्टार्ट. फर्मवेअर नसताना व्हिडिओ लावला की लॉगमध्ये ‘एनव्हीए८_एफयूसी०८४’ लोड करता आलं नाही, त्रुटी उणे २, असं येतं. उणे २ म्हणजे फाइलच नाही.

एवढं करून व्हिडिओ चालतो, पण वर्गात रोज वापरण्याइतका भरवसा मी देणार नाही. नूव्होवरचं डिकोडिंग एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या की लटकण्याची शक्यता असते. त्यात मेसानं २०२५ मध्ये व्हीडीपीएयूचा (व्हीए-एपीआयसारखाच दुसरा इंटरफेस) भाग काढून टाकला, म्हणजे यापुढे नव्या मेसावर नूव्होला व्हीए-एपीआयचाच रस्ता. इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शिका ‘एचडब्ल्यूडेक=व्हीडीपीएयू’ लिहायला सांगतात. तुम्ही डेबियन १२ वर असाल तोवर ते चालेल, पुढे नाही. आत्तापासूनच व्हीए-एपीआय लिहा.

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही जीफोर्स काढा आणि जुन्या बाजारातून एचडी ५४५० घ्या. जी४१ ची स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस १.१ ची आहे, कार्ड २.१ चं, तरी बसतं आणि चालतं. डिकोडिंगला एवढी बँडविड्थ लागतच नाही. विजेचंही बघा: जीफोर्स २१० पूर्ण भारावर सुमारे ३० वॉट घेते, एचडी ५४५० सुमारे १९. घेताना तीन गोष्टी तपासा. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल पट्टी सोबत हवी. पंखा नसलेली आवृत्ती घेतली तर हीटसिंकच्या फटींतली धूळ साफ करून थर्मल पेस्ट नवी लावा, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये कॅबिनेटचा मागचा पंखा चालू असलाच पाहिजे. तिसरं, बोर्डाच्या बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्ले ‘पीईजी’ (स्लॉटमधलं ग्राफिक्स कार्ड) करा, नाहीतर बोर्डावरचं ग्राफिक्सच पुढे येत राहतं आणि ‘व्हीएइन्फो’ भलत्याच चिपची यादी दाखवतो.

जीटी ७१० घ्या असं दुकानदार सांगेल. घेऊ नका. ती केप्लर पिढीची, तिची बंदिस्त ड्रायव्हरची ४७० मालिका २०२४ मध्ये थांबली. तुम्ही परत याच खड्ड्यात पडाल.

उरलं बोर्डावरच्या ग्राफिक्सवर चालणारं मशीन. जी४१ ला आय९६५ ड्रायव्हर फक्त एमपेग-२ देतो. जी४५ साठी एच.२६४ ची वेगळी शाखा होती, पण ती मुख्य ड्रायव्हरमध्ये आली नाही आणि जी४१ च्या चिपकडून ती अपेक्षा ठेवू नये. या मशीनला ७२०पी किंवा ४८०पी द्या, ई७५०० सीपीयूवरच ते सांभाळतो. किंवा तिसरं कार्ड.

---

औसा_लॅब

दोघांचे मनापासून आभार. आय३ वर सगळं केलं. ‘व्हीएइन्फो’मध्ये एच.२६४ हाय पुढे व्हीएलडी आलं, एच२६४इफाय टाकल्यावर यूट्यूब सुरळीत चालतो.

आता साठवलेल्या फाइलींमध्ये अडतंय. बऱ्याच चालतात, पण शिक्षकांनी मोबाइलवर चित्रित केलेल्या काही फाइलींना एमपीव्हीचा माहितीपडदा हार्डवेअर डिकोडर दाखवत नाही. विस्तार सगळ्यांचा एमपी४ च आहे. आणि काही एमकेव्ही फाइली एच.२६४ असूनही सॉफ्टवेअरवरच चालतात.

---

जालना_एन्कोड

एमपी४ हा फक्त डबा आहे, आत काय भरलंय ते ‘एफएफप्रोब’ या कमांडनं बघा. मोबाइलच्या फाइली जवळपास नक्की एचईव्हीसी असणार. नवे फोन जागा वाचवायला तेच निवडतात. शिक्षकांना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडायला सांगा (आयफोनवर तो पर्याय ‘मोस्ट कम्पॅटिबल’ नावाने आहे), म्हणजे पुढचा प्रश्नच मिटतो. एमकेव्ही फाइलींमध्ये प्रोफाइल ‘हाय १०’ आणि पिक्सेल फॉरमॅट ‘वाययूव्ही४२०पी१०’ दिसेल. ते १०-बिट एच.२६४, जुन्या डेस्कटॉप जीपीयूंपैकी कोणीही ते हार्डवेअरमध्ये उलगडत नाही.

फाइली एकदाच बदलून ठेवा. सर्व्हरवर रात्री, किंवा दुसऱ्या एखाद्या ताकदवान मशीनवर. एफएफएमपेगचे पर्याय असे:

व्हिडिओ कोडेक लिबएक्स२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, सीआरएफ (दर्जाचा आकडा) २३, प्रीसेट स्लो. स्केल ‘-२:७२०’, उणे २ मुळे रुंदी प्रमाणात येते आणि सम संख्याच राहते; विषम रुंदी एक्स२६४ या फॉरमॅटमध्ये घेत नाही. ऑडिओ एएसी, १२८ किलोबिट. शेवटी मूव्हफ्लॅग्ज ‘फास्टस्टार्ट’, म्हणजे अनुक्रमणिका फाइलीच्या सुरुवातीला येते आणि सर्व्हरवरून उघडताना व्हिडिओ लगेच सुरू होतो.

पिक्सेल फॉरमॅट विसरू नका. तो नाही दिला तर १०-बिट मूळ फाइलीतून १०-बिटच बाहेर पडू पाहतं, वर प्रोफाइल हाय मागितलेलं असल्यानं एन्कोडर त्रुटी देऊन थांबतो.

रेफरन्स फ्रेमचा (उलगडताना मेमरीत धरून ठेवायच्या फ्रेम) आकडा हातानं वाढवू नका. लेव्हल ४.१ मध्ये १०८०पी ला ४ आणि ७२०पी ला ९ ही कमाल आहे. काही जुन्या फाइलींमध्ये १०८०पी ला १६ रेफरन्स भरलेले असतात. सॉफ्टवेअर ते चालवतं, पण जुन्या चिपांवर चित्र चौकटी-चौकटींनी तुटतं. मग लोक ड्रायव्हरला दोष देतात, दोष फाइलीचा असतो. बालभारती किंवा दीक्षावरून घेतलेल्या फाइलीही आधी तपासा, एच.२६४ ८-बिट असतील तर हात लावू नका, परत एन्कोड केल्यानं दर्जा फक्त कमी होतो.

---

लातूर_फेडोरा

मध्येच थोडं विचारतो. इथं एका वाचनालयात फेडोरा आहे, तीच एचडी ५४५०. ‘व्हीएइन्फो’त एमपेग-२ दिसतं, एच.२६४ नाही. कार्ड खराब?

---

गोदाकाठ_कर्नल

कार्ड ठीक आहे. फेडोरानं २०२२ पासून मेसामधले पेटंटवाले कोडेक बंद करून पॅकेज बनवायला सुरुवात केली. आरपीएम फ्यूजन भांडार जोडा आणि ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’च्या जागी ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड’ घ्या. ओपनसुसेवर हेच काम पॅकमन भांडार करतं.

औसा, तुमच्या मूळ प्रश्नातला टिकवण्याचा भाग राहिलाय, तो आता.

आय९६५ वर इंटेलनं काम थांबवलंय, अधिकृत शेवटची आवृत्ती २.४.१, २०२० ची. तरी तो इतकी वर्षं चालतोय याचं कारण लिबव्हीएच्या रचनेत आहे. लिबव्हीए ड्रायव्हरच्या फाइलीत सुरुवातीचं फंक्शन शोधते, त्याच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो. नवा आकडा सापडला नाही तर एकेक खाली उतरत जुना शोधते. मुख्य आकडा १ आहे तोवर जुनी फाइल नव्या लिबव्हीएसोबत लोड होते. म्हणजे धोका चालण्यात नाही, बनवण्यात आहे. जीसीसी १४ या कंपाइलरनं पूर्वीच्या काही इशाऱ्यांना थेट त्रुटी केलं. देखभाल नसलेला कोड अशा वेळी कंपाइल होत नाही आणि वितरण ते पॅकेज वगळून टाकतं.

म्हणून डेबियन १२ वरच आज एवढं करून ठेवा. सोर्सची ओळ, म्हणजे ‘डेब-एसआरसी’, चालू करा. ‘ॲप्ट-गेट सोर्स’नं ‘इंटेल-व्हीएएपीआय-ड्रायव्हर’ आणा, ‘बिल्ड-डेप’नं लागणारं सामान, आणि ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’नं बांधून बघा. बांधलं गेलं की सोर्स आणि तयार डेब दोन्ही शाळेच्या सर्व्हरवर ठेवा. जुन्या आवृत्त्या डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातही मिळतात, पण इंटरनेट नसताना घरचीच प्रत कामाला येते. कर्नलला मात्र ‘होल्ड’ लावू नका. त्यानं सुरक्षा दुरुस्त्या थांबतात आणि आय९१५, रेडिऑनसाठी त्याची गरजही नाही. फक्त आधीचं कर्नल ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मेनूत) राहू द्या, नवं बिघडलं तर परतायला. डेबियन १२ चा एलटीएस जून २०२८ पर्यंत आहे, तेवढी निश्चिंती धरा.

यापलीकडे एक काम आहे जे आपण करत नाही आणि केलंच पाहिजे: वापरतोय हे कळवणं. कर्नलमधून ड्रायव्हर काढायचा ठरतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, हे कोणी वापरतं का, तपासायला कोणाकडे हार्डवेअर आहे का. क्रिस्टल एचडी या छोट्या डिकोडर कार्डाचा ड्रायव्हर स्टेजिंगमध्ये (कर्नलच्या कच्च्या कोडच्या विभागात) पडून होता, २०१४ मध्ये तो काढला गेला. उलट उदाहरण एसएए७१४६ चं. उपग्रह टीव्हीची बरीच जुनी कार्डं त्या चिपवर चालतात. ड्रायव्हर व्हिडिओबफ या जुन्या चौकटीवर उभा होता आणि ती चौकट काढायची होती, म्हणून २०२२ मध्ये तो हद्दपारीच्या यादीत गेला. वापरणारे पुढे आले, आणि २०२३ मध्ये नव्या चौकटीवर आणून तो परत जागेवर बसवला गेला. आपल्या भागातल्या शाळांमध्ये, ग्रामपंचायतींमध्ये, वाचनालयांमध्ये सँडी ब्रिजची मशीन भरपूर चालू आहेत आणि त्यांतल्या जवळपास कोणाचीच नोंद त्या चर्चांपर्यंत पोचत नाही.

कळवायचं कसं? इंटेल कर्नल आणि मेसा दोन्हींच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर जातात. सोबत चार गोष्टी द्या: ‘एलएसपीसीआय -एनएन’मधली ग्राफिक्सची ओळ, ‘व्हीएइन्फो’ची पूर्ण यादी, ‘डीमेसेज’ (कर्नलचा लॉग), आणि नीट चालणारं शेवटचं कर्नल व बिघडलेलं पहिलं कर्नल यांचे आकडे. चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. दोन आकड्यांमधलं अंतर कमी असेल तर दोषी बदल शोधणं शक्य होतं, आणि ‘गिट बायसेक्ट’ (मधले बदल निम्मे-निम्मे करत तपासणं) करायची तयारी दाखवलीत तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. कोणी पॅच देऊन तपासायला सांगितलं तर तपासून ‘टेस्टेड-बाय’ ओळ कळवा, ती कायमची इतिहासात राहते.

व्हिडिओ चालू असताना चित्र गोठलं आणि ‘डीमेसेज’मध्ये ‘जीपीयू हँग’ व पुढे ‘ईकोड ६’ असं आलं (६ म्हणजे सँडी ब्रिजची ग्राफिक्स पिढी), तर मशीन लगेच रीस्टार्ट करू नका. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचनं आत जाऊन ‘/सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०/एरर’ ही फाइल आधी कॉपी करून घ्या. चिपची त्या क्षणीची अवस्था तिथेच असते आणि ती फक्त मेमरीत असते.